नारानाग ते गंगाबल : देवळांपासून सरोवरांपर्यंतची वाट

काश्मीरमधील ‘ग्रेट लेक्स’ या नावाने प्रसिद्ध असलेला सात-आठ दिवसांचा ट्रेक सोनमर्गजवळ सुरू होतो आणि विशनसर, कृष्णसर, गडसर, सतसर, नुंदकोल व गंगाबल ही सरोवरे पाहून नारानागला संपतो. शेवटच्या दिवशी तेराशे-चौदाशे मीटर उतरून आलेल्या माणसाचे गुडघे बोलू लागलेले असतात आणि गाडी वाट पाहत उभी असते. त्यामुळे रस्त्यालगतची हजार-बाराशे वर्षांपूर्वीची देवळे बहुतेक जण पाठीवरची सॅक न उतरवताच पाहून घेतात. ज्यांच्याकडे चार-पाच दिवसच आहेत, किंवा ज्यांना सरोवरांइतकाच इतिहासही पाहायचा आहे, त्यांनी ही वाट उलट्या टोकाने धरावी, म्हणजे नारानागला एक रात्र राहून गंगाबलला चढावे आणि त्याच वाटेने परत यावे. या सूचनेमागे सोयीचाही विचार आहे. उंचीची सवय होण्यासाठी पहिली रात्र मध्यम उंचीवर काढावीच लागते, आणि नारानाग साधारण २,१०० मीटरवर आहे. श्रीनगरच्या १,५८५ मीटरवरून थेट साडेतीन हजारांवर जाण्यापेक्षा हा मुक्काम शरीराला मानवतो. आपल्या कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे नारानागचे पायथ्याचे गावही सह्याद्रीतल्या माणसासाठी उंचच आहे, हे पटेल.

श्रीनगरहून नारानाग सुमारे पन्नास किलोमीटर आहे. सोनमर्गचा रस्ता कंगनपाशी सोडून वांगत खोऱ्यात वळावे लागते. या भागातून वाहणाऱ्या सिंध नदीचा आणि लडाखमधून येणाऱ्या सिंधूचा नामसाम्यामुळे नेहमी घोटाळा होतो. ही सिंध झेलमला मिळणारी वेगळी नदी आहे. सकाळी निघाल्यास दुपारपूर्वी पोहोचता येते आणि देवळांसाठी अर्धा दिवस मोकळा राहतो.

तो अर्धा दिवस नीट वापरावा. येथे देवळांचे दोन समूह असून ते शिव-ज्येष्ठेश आणि शिव-भूतेश यांचे मानले जातात. दोहोंच्या मध्ये स्तंभांचे तळखडे उरलेला एक मोठा जोता आणि एकाच दगडातून कोरलेली भली थोरली द्रोणी आहे. डोंगराच्या पायथ्याशी झऱ्याच्या पाण्याचे दगडी कुंड आहे. काश्मिरीत ‘नाग’ म्हणजे झरा, त्यामुळे गावाच्या नावाचा उगम शोधायला फार लांब जावे लागत नाही. हेमाडपंती देवळांची सवय असलेल्या नजरेला येथील रचना परकी वाटेल, कारण शिखर चढत्या थरांचे नसून दुहेरी उतरत्या छपराचे असे आणि दारावर तीन पाकळ्यांची कमान त्रिकोणी चौकटीत बसवलेली असते. छपरे बहुतांशी ढासळलेली आहेत. तरीही मुख्य मंदिराच्या भिंतींसमोर उभे राहिल्यावर मूळ वास्तूच्या आकाराची कल्पना येते. भिंतींवर चढू नये, सुट्या दगडांवर बसू नये आणि आवारात तंबू ठोकू नये, हे वेगळे सांगावे लागू नये. पण सांगावे लागते.

जाण्यापूर्वी काश्मीरच्या राजांचा इतिहास सांगणाऱ्या ‘राजतरंगिणी’ या संस्कृत काव्यातील या स्थळाचे उल्लेख वाचून ठेवावेत. कल्हणाने हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या मध्यावर रचला. त्याचे वडील चंपक हे या क्षेत्राचे निष्ठावंत भक्त होते, त्यामुळे भूतेश्वर आणि नंदिक्षेत्र (या परिसराचे जुने नाव) यांचे उल्लेख ग्रंथात वारंवार येतात. पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांचा इंग्रजी अनुवाद १९०० साली प्रसिद्ध झाला. त्यासाठीचे बरेचसे काम त्यांनी याच परिसरातील मोहंद मर्गावर तंबूत राहून केले होते, म्हणून स्थळांविषयीच्या त्यांच्या टिपा आजही चालणाऱ्याच्या कामी येतात. मूळच्या कोकणातील मराठी घराण्यातले रणजित सीताराम पंडित यांचा इंग्रजी अनुवाद १९३५ साली आला. तोही चांगला आहे. आठव्या शतकातील ललितादित्य मुक्तापीड याने येथे मंदिर बांधल्याचे व भूतेशाला मोठे दान दिल्याचे कल्हण सांगतो. मात्र मला त्याहून अधिक बोलका वाटतो तो पाचव्या तरंगातील, म्हणजे सर्गातील, अवंतिवर्म्याचा प्रसंग. हा राजा नवव्या शतकात भूतेश्वराच्या पूजेला आला, तेव्हा पुजाऱ्यांनी देवापुढे ‘उत्पलशाक’ नावाची कडवट रानभाजी ठेवलेली त्याला दिसली. लहर प्रांतातील, म्हणजे आजच्या लार परिसरातील, धन्व नावाच्या डामराने, म्हणजे बलदंड जमीनदाराने, देवस्थानची गावे बळकावली होती आणि हा धन्व राजाचा मंत्री शूर याच्या मर्जीतला होता. राजाने प्रकृतीचे निमित्त सांगून पूजा अर्धवट सोडली. शूराला कारण कळताच त्याने धन्वाला बोलावून घेतले, भैरवाच्या मूर्तीसमोर त्याचा शिरच्छेद करवला आणि मग राजाच्या प्रकृतीची विचारपूस केली. काश्मिरात आजही ‘वोपल हाख’ ही डोंगरातील भाजी खातात आणि अभ्यासक तिचा संबंध त्या उत्पलशाकाशी जोडतात. नारानागच्या एखाद्या घरात ती पानात आली, तर नाही म्हणू नये.

चढाईचा दिवस लवकर सुरू करावा. नारानाग ते गंगाबल अंतर सुमारे पंधरा किलोमीटर असले, तरी चढ चौदाशे मीटरहून अधिक आहे आणि त्यातील सर्वांत खडा भाग पहिल्या तीन-चार तासांतच, सूचिपर्णी झाडांच्या रानातून येतो. तो सोनमर्गच्या बाजूच्या पहिल्या दिवसापेक्षा कष्टाचा आहे, ही या वाटेची खरी अडचण होय. म्हणून गंगाबल एका दिवसात गाठण्याचा हट्ट धरू नये. रान संपल्यावर कुरणे लागतात, तेथील त्रुंडखोल परिसरात साधारण ३,३०० मीटरवर मुक्काम करावा आणि उरलेली सोपी वाट दुसऱ्या दिवशी चालावी. प्रत्येकाने दोन लिटर पाणी पायथ्यापासूनच घ्यावे. वजन झेपत नसेल, तर नारानागला घोडेवाले मिळतात. दर, दिवस आणि परतीचे पैसे हे निघण्यापूर्वीच स्पष्ट ठरवावे.

वर गुज्जर आणि बकरवाल पशुपालकांचे दगडमातीचे ‘कोठे’, म्हणजे घरे, दिसतात. त्यांचे कुत्रे राखणीचे असतात, त्यामुळे कळपाच्या मधून न जाता लांबून वळसा घालावा आणि मालकाला हाक द्यावी. परवानगीशिवाय, विशेषतः स्त्रियांची, छायाचित्रे काढू नयेत.

नुंदकोल सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि गंगाबल त्याहून थोडे वर, हरमुखच्या ५,१४२ मीटर उंच शिखराच्या पायथ्याशी. ही सरोवरे कशी झाली, हे जागेवरच वाचता येते. हिमनदीने डोंगराच्या कुशीत खरवडून काढलेला खोलगट भाग, म्हणजे हिमगव्हर, आणि तिने पुढे लोटून आणलेल्या दगडगोट्यांचे ढीग, म्हणजे हिमोढ, यांच्यामुळे पाणी अडते. हरमुखवर हिमनद्यांचे अवशेष अजून आहेत. त्यांचे पाणी गंगाबलमध्ये, तेथून नुंदकोलमध्ये आणि पुढे वांगत खोऱ्यात देवळांच्या बाजूने खाली उतरते. नकाशावरील नावे समजण्यासाठी चार शब्द पुरतात : ‘सर’ म्हणजे सरोवर, ‘मर्ग’ म्हणजे कुरण, ‘कोल’ म्हणजे ओढा आणि ‘गली’ म्हणजे खिंड.

गंगाबल हे काश्मिरी पंडितांचे तीर्थ आहे. हरमुकुटगंगा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाण्यात अस्थिविसर्जनाची परंपरा होती, आणि दीर्घकाळ खंडित झालेली यात्रा २००९ साली भाद्रपद शुद्ध अष्टमीच्या सुमारास पुन्हा सुरू झाली. म्हणून सरोवरात साबण लावून अंघोळ करणे, भांडी घासणे किंवा काठाशी शौचास जाणे हे आरोग्याच्या आणि श्रद्धेच्याही दृष्टीने वर्ज्य मानावे; काठापासून किमान साठ-सत्तर मीटर दूर जावे. पाण्यात ट्राउट मासे आहेत, पण गळ टाकण्यासाठी मत्स्यविभागाचा परवाना लागतो.

येथे दोन रात्री राहिल्यास मधल्या दिवशी सतसरच्या बाजूच्या झाच खिंडीकडे चढून यावे. खिंड चार हजार मीटरच्या पुढे आहे. तेथून दोन्ही सरोवरे आणि हरमुख एका नजरेत दिसतात. दुपारनंतर ढग भरून येतात, त्यामुळे पहाटे निघून दुपारपूर्वी परतावे. घसाऱ्यावर काठी उपयोगी पडते. डोके दुखणे, मळमळ किंवा तोल जाणे सुरू झाले, तर वर जाण्याचा विचार सोडावा. विश्रांतीने त्रास कमी होत नसेल, तर त्याच दिवशी खाली उतरावे. उंचीच्या त्रासावरील गोळ्या डॉक्टरांना विचारूनच सोबत ठेवाव्यात.

जुलै ते सप्टेंबरचा मध्य हा योग्य काळ आहे. जुलैत फुले अधिक आणि उंच खिंडींत बर्फही असते, तर सप्टेंबरमध्ये आकाश स्वच्छ पण रात्री बोचऱ्या असतात. सह्याद्रीतील पावसाळी ट्रेकचे कपडे येथे चालत नाहीत, कारण तेथे भिजलेला माणूस चालता-चालता वाळतो, येथे तो गारठतो. लोकरी किंवा फ्लीसचा एक थर, जलरोधक जाकीट आणि कोरड्या मोज्यांचा वेगळा बांधून ठेवलेला जोड हवाच. आधार कार्ड मूळ प्रतीसह न्यावे. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम येथे चालत नाही. पोस्टपेड घेतले, तरी नारानागच्या वर संपर्क गृहीत धरू नये. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हल्ल्यानंतर काश्मीरमधील अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद ठेवली गेली होती, त्यामुळे वाट खुली आहे का आणि कोणती परवानगी लागते, याची चौकशी तिकिटे काढण्यापूर्वी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी, अशी दोनदा करावी.

परतीचा एक दिवस हाताशी असेल, तर श्रीनगरच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर असलेले अवंतिपूर पाहावे. रानभाजी पाहून पूजेवरून उठलेल्या त्याच अवंतिवर्म्याने तेथे शिवाचे आणि विष्णूचे अशी दोन मंदिरे उभारली. विष्णूच्या मंदिराचे कोरीवकाम अधिक शाबूत आहे, त्यामुळे वेळ कमी असल्यास तेच निवडावे. श्रीनगरच्या विमानतळावर तपासणीचे टप्पे अधिक असल्याने परतीच्या उड्डाणाच्या तीन तास आधी पोहोचता येईल, अशा बेताने तेथून निघावे.