नोकरी सांभाळून इग्नूची पदवी: असाइनमेंट मार्चएंडच्या आधी संपवा

‘घरबसल्या डिग्री’ हे शब्द ऐकले की मला राग येतो. याच शब्दांवर विसंबून माणसं ॲडमिशन घेतात आणि पहिल्याच मार्चमध्ये गळतात. मी पतसंस्थेत नोकरी करते. नोकरी करतच इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, इंग्रजीत एमए केलं, नंतर एक डिप्लोमा केला, आणि त्यानंतर ओळखीतल्या पंधरा-सोळा जणांचे फॉर्म शेजारी बसून भरून घेतले. त्यातले जे मागे राहिले, ते अभ्यास अवघड होता म्हणून राहिले नाहीत. त्यांच्या तारखा चुकल्या, आणि त्यातही असाइनमेंटच्या, म्हणजे परीक्षेआधी घरी लिहून जमा करायच्या उत्तरांच्या.

विद्यापीठ निवडताना एकच गोष्ट तपासा: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचा तोच अभ्यासक्रम, त्याच सत्रासाठी आहे का. मान्यताप्राप्त मुक्त आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या धराव्यात, असं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे, त्यामुळे ‘बाहेरून केलेली’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. मात्र नर्सिंग, फार्मसी, कायदा यांची पदवी या मार्गाने मिळत नाही. कुणी देतो म्हणाला तर तिथून उठून या. मराठीतून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच. मी पुढे सांगते आहे ते इग्नूबद्दल, कारण ते मी स्वतः केलेलं आहे. दूरस्थ पद्धतीत पुस्तकं आणि स्टडी सेंटर असतं, ऑनलाइन पद्धतीत सगळं पोर्टलवर चालतं. क्रेडिट, असाइनमेंट आणि परीक्षा हा सांगाडा दोन्हीकडे तोच.

फॉर्म भरणं अर्ध्या तासाचं काम आहे. २०२४ पासून त्याआधी डेब-आयडी, म्हणजे यूजीसीच्या त्याच दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो, आणि त्यासाठी एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा होतात त्या सरकारी खात्याचा क्रमांक, लागतो. आधार आणि मार्कशीटवरचं नाव एकसारखं नसेल तर ते आधी दुरुस्त करा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर नक्कीच.

आता वेळेचा हिशोब. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. माझ्या एमएला वर्षाला आठ क्रेडिटचे चार पेपर होते, म्हणजे ९६० तास, आठवड्याला साडेअठरा. नोकरी, स्वयंपाक, मुलांची शाळा सांभाळून एवढे तास रोज उठून निघत नाहीत, हे ॲडमिशन घेण्याआधीच मान्य करा. दोन वर्षांच्या एमएला चार वर्षांपर्यंत मुदत असते. जूनला दोन पेपर आणि डिसेंबरला दोन, असं केलंत तर कुणी विचारायला येत नाही. ‘दोन वर्षांतच उरकून टाक’ हा सल्ला देणारा बहुतेक स्वतः कॉलेजात जाऊन शिकलेला असतो.

आता असाइनमेंट. माझ्या अभ्यासक्रमात परीक्षेला ७० टक्के आणि असाइनमेंटला ३० टक्के वजन होतं. लोक हा ३० चा आकडा बघतात आणि ‘नंतर बघू’ म्हणतात. इथेच घात होतो. एमएला दोन्हींत वेगवेगळे ४० टक्के लागतात. परीक्षेत ७५ मिळाले आणि असाइनमेंट दिलीच नसेल, तर ग्रेड कार्डवर तो पेपर अपूर्णच दिसतो.

दुसऱ्या वर्षी माझं काय झालं ते सांगते. दिवाळीच्या सुट्टीत बसून मी चारही असाइनमेंट लिहिल्या, हाताने, शंभरेक पानं. प्रश्नपत्रिका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलेली होती. मार्चमध्ये जमा करायला गेले, तर खिडकीतल्या बाईंनी पहिलं पान उलटलं, वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि गठ्ठा परत माझ्याकडे सरकवला. सत्र मागच्या वर्षीचं होतं. चूक त्यांची नव्हती, माझीच होती. असाइनमेंटच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ती कोणत्या वर्षीच्या जुलै आणि जानेवारी प्रवेशाच्या सत्रासाठी आहे ते छापलेलं असतं, आणि दर खेपेला प्रश्न बदलतात. हातात नऊ दिवस होते, आणि पतसंस्थेत मार्चएंड. रात्री अकरानंतर बसून दोन पेपरच्या लिहिल्या, उरलेले दोन डिसेंबरवर ढकलले. आजही कुणी फाइल पाठवली की मी आधी त्या ओळीकडे बघते.

म्हणून पुस्तिका फक्त विद्यापीठाच्या वेबसाइटवरून घ्या, आणि घेतल्या घेतल्या सत्र वाचा. जून परीक्षेसाठी जमा करायची तारीख साधारण ३१ मार्च असते. बऱ्याचदा ती वाढते, पण त्या मुदतवाढीवर विसंबून राहू नका. बँक, पतसंस्था, अकाउंट्स, शाळा, तुमचं काम यांपैकी कशातही असलं तरी मार्च तुमच्या हातात नसतो. तुमची शेवटची तारीख ३१ जानेवारी धरा.

हे जमतं कसं, तर आठवड्याला एक प्रश्न. माझ्या प्रत्येक पेपरला वीस गुणांचे पाच प्रश्न असत. चार पेपर म्हणजे वीस प्रश्न, वीस आठवडे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात हात मोकळा होतो, दिवाळीचा एक आठवडा सोडला तरी. आणि आधी पुस्तक वाचून मग असाइनमेंट, हा क्रम उलटा करा. रविवारी प्रश्न वाचायचा, त्याला लागणारा धडा शोधायचा, आठवडाभर बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत तेवढंच वाचायचं, शनिवारी रात्री लिहायचं. पुस्तकं पोस्टाने यायला उशीर झाला तर तोच मजकूर ई-ज्ञानकोश या इग्नूच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतो. अशा वीस प्रश्नांत जवळजवळ निम्मा अभ्यासक्रम होऊन जातो.

तयार, सोडवलेल्या असाइनमेंट विकत मिळतात. घेऊ नका. एकाच सेंटरवर दहा जणांची तीच उत्तरं, तीच उदाहरणं आली की तपासणाऱ्याला कळतं, आणि गठ्ठा नाकारला जाऊ शकतो. त्याहून मोठं नुकसान असं की जूनमध्ये तीन तास हाताने लिहायचं असतं, आणि वर्षभर पेन न धरलेल्या हाताला दुसऱ्या तासाला कळ लागते. आपण स्वतः लिहिलेली वीस उत्तरं हीच त्याची तालीम.

कागद ए-फोर किंवा फुलस्केप, डावीकडे ऐसपैस समास, प्रत्येक पेपर वेगळा टाचलेला. पहिल्या पानावर एन्रोलमेंट नंबर, प्रोग्रॅम कोड, कोर्स कोड, स्टडी सेंटरचा कोड, सही. जमा करण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि जमा केल्यावर पावती घ्या. कागद द्यायचे की पोर्टलवर चढवायचे, हे तुमच्या रीजनल सेंटरच्या (इग्नूच्या विभागीय कार्यालयाच्या) सूचनेत बघा, मैत्रिणीच्या सेंटरचं तुम्हाला लागू नाही. ग्रेड कार्डवर गुण चढायला वेळ लागतो. न चढल्यास ती पावती हाच तुमचा पुरावा. एकदा पास झालेली असाइनमेंट मात्र परीक्षेत नापास झालात तरी टिकते, पुन्हा लिहावी लागत नाही.

बाकी सोपं आहे. पुढच्या वर्षाचं री-रजिस्ट्रेशन निकालाची वाट न बघता करायचं. असाइनमेंट दिली म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं नाही, परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो आणि त्याची फी पेपरनिहाय असते. वेळापत्रक आलं की त्याच दिवशी रजेचा अर्ज द्या. आणि शेवटचा पेपर सुटल्यावर पदवी आपोआप घरी येत नाही, दीक्षांत समारंभाचा फॉर्म आणि फी स्वतः भरावी लागते. त्यात पोस्टाचा पत्ता देताना पिनकोड दोनदा तपासा.