रशियन शिकवताय? मग या चुका टाळा

रशियन मुळाक्षरं 33. नेटाने गिरवली तर दोन आठवड्यांत हाताखाली येतात. तेवढाही धीर नसलेले शिक्षक पहिल्याच तासाला फळ्यावर 'स्पासीबा' (धन्यवाद), 'खराशो' (छान) देवनागरीत लिहून मोकळे होतात. मुलं खूश, पालक खूश. घोळ इथेच सुरू होतो.

आघात म्हणजे शब्दातल्या एका स्वरावर दिलेला जोर. आघात नसलेल्या 'ओ'चा उच्चार रशियनमध्ये 'अ'च्या जवळ जातो. 'दूध' या अर्थाच्या शब्दात तीन 'ओ' लिहितात, पण आघात शेवटच्यावर, म्हणून ऐकू येतं 'मलाको'. एका वर्गाने तीन महिने असे शब्द देवनागरीत उतरवले. मग शब्दकोश हातात दिला, तर निम्म्या वर्गाला दूध सापडेना. सगळे 'म'पुढे 'अ' शोधत बसलेले. श्रुतलेखनाची तीच गत. 'चूल'मधला च आणि 'चहा'मधला च मराठी माणूस न सांगता वेगळा उच्चारतो. रशियनमध्ये या दोन्हींना स्वतंत्र अक्षरं आहेत, पण वहीत दोन्हींचा एकच 'च' झाला होता. शेवटी त्या वर्गाला मुळाक्षरं पुन्हा पहिल्यापासून गिरवावी लागली. वाचवलेले दोन आठवडे असे वसूल होतात.

वहीत देवनागरी अजिबात नको. नवा शब्द रशियन लिपीतच, आणि आघाताच्या स्वरावर लाल पेनाने तिरकी रेघ. रेघ नसेल तर शब्द चूक धरायचा, मग मुलं कितीही कुरकुरोत. रशियातली पुस्तकं आणि वर्तमानपत्रं आघात छापत नाहीत, त्यामुळे तो शब्दासोबतच पाठ व्हायला हवा. 'प्लाचू'मध्ये आघात आधी आला तर 'मी रडतोय', शेवटी आला तर 'मी पैसे देतोय'. दुकानाच्या गल्ल्यावर हा फरक लगेच कळतो.

अक्षरं क्रमाने घोकून घेऊ नका. आधी रोमनसारखी दिसणारी आणि तशीच वाजणारी घ्या: अ, क, म, त, ओ. मग फसवी: रोमन पी दिसतो तो 'र', एच तो 'न', सी तो 'स', बी तो 'व', वाय तो 'उ', एक्स तो 'ख'. ही पक्की झाली नाहीत तर रेस्टॉरंटची पाटी 'पेक्टोपाह' अशीच वाचली जाणार. हाताने लिहायची जोडलिपी पहिल्या दिवसापासून. त्यात छोटा 'त' रोमन एमसारखा आणि 'द' जीसारखा दिसतो. छापील अक्षरांवर वाढलेल्या मुलाला फळ्यावरचं काहीच लागत नाही.

दुसरी चूक जास्त चीड आणणारी: मराठी मुलांना रशियन इंग्रजीतून समजावणं. मुलं मग 'आय ॲम'मधला 'ॲम' शोधत बसतात. रशियनमध्ये वर्तमानकाळात तो लागतच नाही: 'या स्तुद्येंत', मी विद्यार्थी. 'हा माझा भाऊ' म्हणणाऱ्याला यात अवघड काय? 'मला थंडी वाजते', 'मला हे आवडतं' यांतला 'मला' रशियनमध्येही 'मला'च आहे, 'म्न्ये'. वय सांगतानाही तोच. 'तो आला, ती आली, ते आलं' म्हणजे 'ओन प्रिशोल, अना प्रिश्ला, अनो प्रिश्लो'. 'त्याने आपलं पुस्तक घेतलं' यातल्या 'आपलं'साठी 'स्वोय' तयार आहे. इंग्रजीतल्या 'हिज'वरून गेलेला विद्यार्थी 'येवो' म्हणतो आणि पुस्तक दुसऱ्याचं होतं.

एका जागी मात्र मराठी दगा देते. 'तिने आंबा खाल्ला' यात क्रियापद आंब्यामागे जातं. रशियनमध्ये भूतकाळातलं क्रियापद कर्त्यालाच धरून राहतं, म्हणजे इथे ते स्त्रीलिंगीच हवं. हे मुद्दाम सांगा आणि पंचवीस-तीस वाक्यं करून घ्या. नुसतं सांगून भागत नाही.

सहा विभक्त्यांचा तक्ता एका दिवसात फळ्यावर टाकू नका. 'कुठे आहे' सांगणाऱ्या विभक्तीपासून सुरुवात करा, मग कर्म, मग षष्ठी.

आकडे सुटे शिकवू नका, रुबल लावून शिकवा: 'अदीन रूब्ल', 'द्वा रुब्ल्या', 'प्यात रुब्ल्येय'. दोन ते चारला एक रूप, पाच ते वीसला दुसरं, एकवीसला पुन्हा एकवचन.

पायी जाणं आणि वाहनाने जाणं यांची क्रियापदं वेगळी. एकाच तासात दोन्ही उरकू नका.

संस्कृती म्हणजे मात्र्योश्का बाहुली आणि बर्फाचे फोटो, ही समजूत सोडा. रशियन शिक्षिकेला 'मॅडम' नाही, नाव आणि वडिलांच्या नावावरून आलेलं नाव लावून हाक मारतात, उदाहरणार्थ 'आन्ना पेत्रोव्ना'. तिच्या भावाचं 'पेत्रोविच' होईल. महाराष्ट्रात मधलं नाव वडिलांचंच असतं, त्यामुळे मुलांना हे पटकन कळतं. आपल्याकडे लग्नानंतर ते बदलतं, तिकडे ते वडिलांचंच राहतं. भेट म्हणून नेलेली फुलं विषम संख्येत हवीत. सम संख्या अंत्यविधीला. इतिहास सांगायचाच तर अफानासी निकितिन सांगा. पंधराव्या शतकात हा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. तिथे त्याचा घोडा जप्त झाला होता.

वैद्यकीय शिक्षणासाठी निघालेल्या घाईच्या विद्यार्थ्यांना 'तू' आणि 'तुम्ही'ची क्रियापदं सुरुवातीलाच वेगळी करून द्या. वर्ग इंग्रजीत चालेल, पण वॉर्डातला पेशंट रशियनच बोलणार. 'श्वास घ्या' म्हणजे 'दिशीत्ये'. त्यातला शेवटचा 'त्ये' गाळला तर साठीच्या अनोळखी बाईंना अरेतुरे होतं.