नाशिकला फॅमिलीसोबत कमी खर्चात कसं फिरायचं

नाशिकमध्ये बघण्यासारख्या निम्म्याहून जास्त जागांना तिकीटच नाही, आणि जिथे आहे तिथेही ते चहा-वडापावच्या घरातलं, तरी इथून परत जाणारी मंडळी "फार खर्च झाला बुवा" म्हणतात. मग जातो कुठे पैसा? रिक्षात, पार्किंगमध्ये, आणि दुपारी दोनला पोरं भुकेने पेटली की समोर दिसेल त्या एसी हॉटेलात. सकाळी त्र्यंबक, दुपारी पांडवलेणी, संध्याकाळी मुक्तिधाम असा प्लॅन बऱ्याच जणांचा असतो, म्हणजे अख्खं शहर दोन-तीनदा ओलांडायचं आणि प्रत्येक वेळी द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये बसायचं. म्हणून जागांची यादी नंतर करा, आधी दिशा ठरवा. एका दिवशी एकच दिशा.

पायरी १ : येतानाच एक जागा उरकून टाका

पुण्याकडून येत असाल तर सिन्नर वाटेतच लागतं, नाशिकच्या अलीकडे साधारण तीस किलोमीटर. तिथे गावातच गोंदेश्वराचं मंदिर आहे, यादवांच्या काळातलं, मधे महादेवाचं मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार छोटी देवळं. तिकीट नाही, गर्दी नाही, भोवती मोकळं अंगण आहे त्यामुळे गाडीत आंबलेली पोरं मनसोक्त पळतात. मंदिराच्या खालच्या थरात हत्ती कोरलेत, पोरांना हत्ती मोजायला लावा म्हणजे तुम्हाला निवांत बाकीचं कोरीवकाम बघता येईल. मला विचाराल तर नाशिक जिल्ह्यातलं सगळ्यात देखणं देऊळ हेच, पण पुणेकर समोरून भुर्रकन निघून जातात.

मुंबईकडून स्वतःच्या गाडीने येणार असाल तर पांडवलेणी हायवेलाच आहेत, शहरात शिरायच्या आधी. मुंबईतून पहाटे निघालात तर ऊन चढायच्या आत वर जाऊन येता. लेण्यांबद्दल खाली लिहिलंय.

रेल्वेने येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, नाशिकरोड स्टेशन मूळ शहरापासून नऊ-दहा किलोमीटर लांब आहे. स्टेशनबाहेर रिक्षावाला जो पहिला आकडा सांगेल त्याला हो म्हणू नका, सिटीलिंकची म्हणजे शहर बससेवेची बस मिळते, सीबीएस (शहरातलं मध्यवर्ती बसस्थानक) किंवा निमाणी (पंचवटीतलं बसस्थानक) लिहिलेली बघायची.

पायरी २ : मुक्काम

इथे जास्त वेळ घालवू नका. पंचवटीत धर्मशाळा आणि साधी लॉज भरपूर आहेत आणि तिथे राहिलं की नदीचा सगळा भाग पायी होतो. त्र्यंबकला शेगावच्या गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास आहे, स्वच्छ आणि शिस्तीचं, आजी-आजोबा बरोबर असतील तर तिथे त्यांना बरं वाटतं. लाँग वीकेंडला कुठेच स्वस्तात काही मिळत नाही. आणि २०२७ च्या सिंहस्थात शाही स्नानाच्या आसपास निव्वळ फिरायला म्हणून येऊच नका, तेव्हा नाशिक वेगळंच असतं.

पायरी ३ : एक अख्खा दिवस नदीला द्या

हा दिवस जवळजवळ फुकटात होतो आणि सगळ्यात भरगच्च हाच असतो. सुरुवात सकाळी सातच्या आसपास गोदावरीवरच्या रामकुंडावरून करा, तेव्हा ऊन नसतं. पोरांना थेट दुतोंड्या मारुतीसमोर उभं करा. नदीच्या पात्रात दोन्ही बाजूंनी तोंड असलेला हा उंच मारुती म्हणजे नाशिककरांचं पूर मोजायचं माप आहे, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं गाव एकच प्रश्न विचारतं, "मारुतीच्या कुठवर आलं?" गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं अशी उत्तरं येतात आणि गळ्याला आलं म्हटलं की घाटावरच्या दुकानदारांची झोप उडते. पोरांना मान वर करून त्या गळ्याकडे बघायला सांगा आणि मग पाण्याकडे बघायला सांगा, पूर म्हणजे काय हे पुस्तकापेक्षा लवकर कळतं. जवळच नारोशंकराच्या देवळाची मोठी घंटा आहे, वसई जिंकल्यावर तिथून आणलेली, ती पण पुराच्या गप्पांत हमखास येतेच.

एक सूचना, घाटावर कोणी हातात फूल दिलं किंवा कपाळाला गंध लावायला आलं तर ते बहुतेक फुकट नसतं. नको असेल तर हसून नको म्हणा आणि पुढे चला, वाद घालत बसू नका. तसंच "पंचवटी दर्शन, आठ पॉइंट, बारा पॉइंट" म्हणणारे रिक्षावाले भेटतील. त्यातले बरेचसे पॉइंट तुम्ही उभे आहात तिथून चालत पाच-पंधरा मिनिटांवर असतात. चालायला त्रास असेल किंवा तपोवनापर्यंत जायचं असेल तरच रिक्षा करा, आणि पैसे पॉइंटचे न ठरवता जाऊन-येऊन किती ते ठरवा.

रामकुंडावरून चालत काळाराम मंदिर. पूर्ण काळ्या दगडाचं देऊळ, आतली मूर्तीही काळी, अंगण एवढं मोठं की पोरांना ओरडायला लागत नाही. पण फक्त पाया पडून निघू नका. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते, आणि तो काही एका दिवसात संपला नाही, वर्षानुवर्षं चालला. आठवी-नववीच्या पोरांना हे पाठ असतं पण ती जागा हीच हे माहीत नसतं. दारात उभं राहून सांगा.

तिथून पुढे सीतागुंफा आणि पाच वड. वडांना नंबर टाकलेत, एक ते पाच शोधायचं काम लहान पोरांना लावून द्या. गुंफेत मात्र वाकून, बसत बसत उतरावं लागतं, गुडघेदुखीवाल्यांनी आणि ज्यांना बंद जागेत घाबरल्यासारखं होतं त्यांनी बाहेर वडाखालीच थांबावं. रांग मोठी असेल तर सरळ सोडून द्या, काही बिघडत नाही.

आता पोट. नाशिकला येऊन सकाळची मिसळ खायची नाही म्हणजे काय! फक्त लहान मुलांसाठी रस्सा वेगळा मागा, इथला काळ्या मसाल्याचा रस्सा पहिल्या घासाला काही वाटत नाही आणि नंतर डोळ्यांतून पाणी काढतो. दही आणि पापड बरोबर घ्या. मळ्यातल्या मिसळीच्या जागांना झोके, घसरगुंड्या, बैलगाड्या असतात, तिथे पोरांचे दोन तास आरामात जातात म्हणजे नाश्ता आणि बाग एकाच बिलात. रविवारी मात्र तिथे नंबर लावून बसावं लागतं.

दुपारी नदी ओलांडून जुन्या नाशकात या. सराफ बाजार, भांडी बाजार, तांबट आळी, इथे विकत काहीच न घेता तास जातो. तांब्याच्या हंड्यावर हातोडीचे ठोके बसताना ऐकू आले तर थांबा, कारागिराला आधी विचारा आणि मग पोरांना जवळ जाऊ द्या. पेशव्यांच्या काळातला सरकारवाडा याच भागात आहे. मेनरोडकडे आलात तर सायंताराचा साबुदाणा वडा खा, दोघांत एक प्लेट पुरते. बुधवार असेल तर गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो, तो चुकवू नका.

संध्याकाळी पुन्हा रामकुंडावर, गोदावरीच्या आरतीला. अर्धा तास आधी येऊन पायऱ्यांवर जागा धरा. कुंभमेळ्याच्या कामांमुळे घाटाचा काही भाग खोदलेला किंवा बंद असू शकतो, अंधारात पोरांचा हात सोडू नका.

पायरी ४ : पांडवलेणी, पण सकाळीच

एकूण २४ लेणी, त्रिरश्मी डोंगरावर. चढण पंधरा-वीस मिनिटांची, पायऱ्या आहेत, पाच-सहा वर्षांचं पोर न कुरकुरता चढतं. पुरातत्त्व खात्याचं तिकीट मोठ्यांना २०-२५ रुपयांच्या घरात आणि १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट. पाण्याच्या बाटल्या खालूनच भरून न्या.

वर गेल्यावर सगळी लेणी बघायच्या नादी लागू नका, चौथ्या-पाचव्या लेण्यानंतर पोरं कंटाळतातच. तीन नंबरचं लेणं नीट बघा. व्हरांड्याच्या खाली दगडातून धष्टपुष्ट माणसं कमरेपर्यंत बाहेर आलेली दिसतील, अख्खं लेणं खांद्यावर घेऊन निघाल्यासारखी. पोरं तिथे वाकून प्रत्येकाचा चेहरा बघत बसतात. मग त्याच लेण्यातला ब्राह्मी शिलालेख दाखवा, गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाचं त्याच्या पश्चात कौतुक करणारा, आणि हे कोरून घेतलंय त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने. आपली आई शेजाऱ्यांना सांगते तसंच, फक्त दोन हजार वर्षं टिकलेलं. दहा नंबरचं लेणं नहपान या क्षत्रप राजाच्या काळातलं, म्हणजे ज्याला गौतमीपुत्राने हरवलं त्याचं, ते बघितलं की गोष्ट पूर्ण होते. अठरा नंबरचं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं दालन, बघा आणि उतरा.

पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आणि शेजारी बुद्धविहार आहे. विहारात शांतपणे बसायला काही लागत नाही. स्मारकात आत काय काय चालू आहे ते गेटवर विचारा आणि मगच सगळ्यांची तिकिटं काढा.

पायरी ५ : त्र्यंबक रोडचा दिवस

त्र्यंबकेश्वर नाशिकपासून २८-३० किलोमीटर, एसटी सारख्या सुटतात. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, ७५ च्या पुढच्यांना फुकट, त्यामुळे आई, आजी, दोन पोरं असा जथा असेल तर खासगी गाडी करायचा विचारही करू नका. फक्त आजी-आजोबांचं वयाचं ओळखपत्र जवळ असू द्या. ही सवलत एसटीची आहे, सिटी बसला तेच लागू असेल असं धरून चालू नका.

सोमवार, श्रावण, महाशिवरात्र आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा, नाहीतर सगळा दिवस रांगेतच जाईल. पैसे भरून लवकर दर्शनाची सोय आहे पण पाच माणसांचे भरायचे म्हटले तर त्यात दोन दिवसांचं जेवण होतं. मी तर म्हणेन दर्शनाची रांग लांब दिसली तर कुशावर्त कुंड बघा, बाहेरून कळस बघा आणि पोरांचे पाय चांगले असतील तर गंगाद्वाराच्या पायऱ्या चढा. पायऱ्या सात-आठशेच्या आसपास आहेत, माकडं आहेत, हातात खाऊची पिशवी नको. जी गोदावरी पुढे आंध्रात जाऊन समुद्राला मिळते तिचा उगम या ब्रह्मगिरीवर, आणि आदल्या दिवशी ज्या नदीवर बसला होतात ती हीच. हे पोरांना वाटेतच सांगा, वर पोचल्यावर कोणी ऐकत नाही. फाळके जन्मले ते पण त्र्यंबकलाच, १८७० मध्ये.

परतीच्या वाटेवर अंजनेरी लागतं, तिथे नाण्यांचं संशोधन करणारी संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. पोराला नाणी जमवायचा नाद असेल तर जाच, पण उघडं आहे का ते आधी फोन करून विचारा.

पायरी ६ : पोरं मोठी असतील किंवा थंडीत आलात तर

दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं असतील तर त्र्यंबकऐवजी रामशेज घ्या. पेठ रस्त्याला आशेवाडी गाव, तिकीट नाही, सोपा किल्ला आहे. संभाजी महाराजांच्या काळात मूठभर मावळ्यांनी हा एवढासा किल्ला औरंगजेबाच्या फौजांशी काही वर्षं झुंजवत ठेवला. वर गेल्यावर पोरं हमखास म्हणतात "एवढाच?" आणि तिथेच गोष्ट सांगायला मजा येते. वर सावली नाही, टोप्या घ्या.

डिसेंबर ते फेब्रुवारीत आलात तर नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य, निफाड तालुक्यात. महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा (रामसर म्हणजे जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी), २०२० मध्ये जाहीर झालेली. प्रवेश फी किरकोळ आहे, दुर्बीण तिथे भाड्याने मिळते, मोठ्या ग्रुपला एकच घ्या. पण स्वतःची गाडी नसेल तर जाणं अवघड पडतं, आणि सकाळी आठच्या आत चापडगावच्या मनोऱ्यावर नसाल तर अर्धी मजा गेली. जांभळी पाणकोंबडी मात्र उशिरा गेलात तरी दिसतेच.

रंगपंचमीला येणार असाल तर जुन्या नाशकातल्या पेशवेकाळापासूनच्या रहाडी बघा. जमिनीतले हे हौद रंगाने भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात. लहान पोरांना लांबूनच दाखवा, आणि कपडे टाकून द्यायचेच घाला.

वायनरीबद्दल सगळे विचारतात. पोरांना घेऊन जायची जागा नाही ती, तुमचं बिल होतं आणि त्यांचं तोंड वाकडं. त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये दिंडोरी रोडला गाडी थांबवून पेटीभर द्राक्षं घ्या.

पायरी ७ : पावसाळ्यात

सोमेश्वरचा धबधबा शहराच्या सगळ्यात जवळचा, गंगापूर रोडला, बसने जाता येतं, तिकीट नाही. गरम कणीस घ्या आणि कठड्याच्या आतूनच बघा. वर धरणातून पाणी सोडलं की खाली पात्र बघता बघता भरतं, त्यामुळे फोटोसाठी खडकांवर उतरू नका, बाकीचे उतरलेले दिसले तरी. दुगारवाडीला लहान मुलांना घेऊन जाऊच नका, तिथे ओढा अचानक वाढून लोक पलीकडे अडकलेत आणि जीवही गेलाय. हरिहर किल्ला रीलमध्ये कितीही भारी दिसला तरी पावसात, पोरांसोबत, नाही म्हणजे नाही.

पायरी ८ : शेवटचा दिवस स्टेशनजवळ

गाडी संध्याकाळची असेल तर दुपारनंतर नाशिकरोडलाच या आणि मुक्तिधाम बघा. पांढऱ्या संगमरवराचं मंदिर, भिंतींवर गीतेचे १८ अध्याय, बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती, आणि आत गारवा. आजीला बसायला, तुम्हाला टेकायला बरं. चिवडा मात्र शहरातूनच घेऊन ठेवा आणि प्रवासात फोडायचं पाकीट वरच्या बॅगेत ठेवा, नाहीतर इगतपुरी यायच्या आत सगळं सामान उपसावं लागतं.