परदेशी जाताय? घराआधी शाळा बघा

बडोद्याहून इंग्लंडला निघालेली कुटुंबं आधी भाड्याचं घर पक्कं करतात, मग शाळा शोधतात. क्रम उलटा हवा. तिथल्या सरकारी शाळेत जागा कमी आणि अर्ज जास्त असले की बहुतेक ठिकाणी घर ते शाळा हे अंतर मोजलं जातं. म्हणून नोकरीच्या जागेपासून जाण्यायेण्यासारख्या तीन-चार शाळा काढा, त्यांचे ऑफस्टेडचे (शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचे) अहवाल वाचा आणि काउन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेला, ईमेलने विचारा: या वर्गात आत्ता जागा आहे का? नावाजलेली पण भरलेली शाळा काय कामाची! घर त्यानंतर.

इयत्तेचा आकडा फसवतो. तिथे वर्ग 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्टमधल्या जन्मतारखेवर ठरतो. इथलं चौथीतलं नऊ वर्षांचं मूल सहसा 'इयर फाइव्ह'मध्ये बसतं. खरी अडचण नववी-दहावीची. जीसीएसईचा (तिथल्या सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेचा) अभ्यास साधारण इयर टेन आणि इलेव्हन अशी दोन वर्षं चालतो, मध्येच आलेल्या मुलाला ते विषय निम्म्यावरून धरावे लागतात. जमत असेल तर दहावीची बोर्डाची परीक्षा इथेच देऊ द्या आणि सप्टेंबरात सिक्स्थ फॉर्मला (तिथली अकरावी-बारावी) घाला. गणित-इंग्रजीचे किती गुण चालतील, ते त्या कॉलेजकडून आधी लेखी घ्या.

घरची भाषा विचारतील तिथे मराठीच लिहा. इंग्रजी लिहिल्याने मूल हुशार ठरत नाही, उलट इंग्रजीसाठी मिळू शकणारी जादा मदत राहून जाते.

आता कागद. गुजरातच्या एलसीवर (शाळा सोडल्याच्या दाखल्यावर) आडनाव बहुधा पहिलं असतं, पासपोर्टवर वेगळं; जन्मदाखल्यावर कधी बाळाचं नावच नसतं. महानगरपालिकेतली दुरुस्ती सगळ्यात आधी उरका. ममता कार्डावरच्या लसी बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत लिहून घ्या, महिना अक्षरात. 04/05 म्हणजे एप्रिल की मे, हा घोळ नको. कॅनडात ओंटारिओला जाणार असाल तर कांजिण्यांची लस तपासा: 2010 किंवा नंतर जन्मलेल्यांना शाळेसाठी ती लागते, आणि आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही.

व्हिसा हातात येईपर्यंत एलसी उचलू नका, इथली जागा जाते. गुणपत्रकांच्या सही-शिक्क्याच्या प्रती मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच मागून ठेवा. मे महिन्यात सही करणारं कोणी सापडत नाही.