शहरी पर्यावरण संशोधन केंद्रासाठी ज्येष्ठ प्राध्यापक-संचालक कसे मिळवावेत

केंद्राचं नेतृत्व करू शकणारी माणसं सहसा नोकरी शोधत नसतात. त्यांच्याकडे कायम पद असतं, चालू अनुदानं असतात, प्रयोगशाळा असते, पीएचडीचे विद्यार्थी असतात. नुसती जाहिरात वाचून ती अर्ज करत नाहीत. फोन केला की मात्र बोलतात, आणि पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारतात: पैसा कोणाच्या सहीने खर्च होणार, जागा किती मिळणार आणि नवीन नेमणुका किती करता येणार. याला ‘बघू, आल्यावर ठरवू’ असं उत्तर मिळालं की विषय तिथेच संपतो. म्हणून खरं काम जाहिरातीच्या आधीचं आहे.

आधी लेखी टिपण

दोन-तीन पानांचं टिपण तयार करा आणि त्यावर कुलगुरू, संबंधित अधिष्ठाते आणि वित्त विभाग यांच्या सह्या घ्या. सह्या झाल्याशिवाय एकही फोन करू नका. टिपणात पुढील मुद्दे हवेतच:

- संचालकाचा पगार विद्यापीठाच्या नियमित अंदाजपत्रकातून. तो केंद्राच्या प्रकल्पांवर टाकला तर अनुदान संपलं की पगार अडचणीत येतो. कायम पद सोडून अशा ठिकाणी कोणी येत नाही.
- किमान पाच वर्षांचा मूळ निधी, वर्षागणिक आकड्यांसह.
- पहिल्या तीन वर्षांत भरायची दोन-तीन अध्यापक पदं आणि त्या निवडीत संचालकाला असलेला अधिकार.
- प्रकल्पांच्या ओव्हरहेडमधला, म्हणजे अनुदानातून संस्थेच्या सामायिक खर्चासाठी घेतल्या जाणाऱ्या रकमेतला, केंद्राचा वाटा, टक्क्यांत.
- एक पूर्णवेळ व्यवस्थापक आणि अनुदानांचा हिशेब बघणारी एक व्यक्ती.
- कायम पद कोणत्या विभागात असेल आणि संचालक कोणाला उत्तरदायी असेल.

यातला ओव्हरहेडचा मुद्दा सर्वांत जास्त टाळला जातो आणि सर्वांत जास्त भांडणं त्यावरूनच होतात. अनुदान केंद्राने आणायचं आणि ओव्हरहेड विभागाकडे जायचा, अशी व्यवस्था असेल तर केंद्राला स्वतःचा खर्च भागवता येत नाही. उलट केलं तर विभागप्रमुख आपल्या प्राध्यापकांना केंद्रात काम करू देताना हात आखडता घेतात. वाटणीचं सूत्र आधी ठरवा, म्हणजे नवीन माणसाला पहिल्याच महिन्यात सहकाऱ्यांशी घासाघीस करावी लागणार नाही.

विषयाची व्याप्तीही टिपणातच ठरवा. उष्णता, हवा, पावसाचं पाणी, कचरा, माती, जैवविविधता, नियोजन, सार्वजनिक आरोग्य असं सगळंच हवं म्हटलं की समितीतला प्रत्येक सदस्य आपापल्या विषयाचा माणूस शोधायला लागतो. दोन किंवा तीन विषय निवडा. शहराचा अभ्यास दीर्घकाळ करायचा असेल तर तसंही लिहा. अमेरिकेत बाल्टिमोर आणि फिनिक्स इथे १९९७ मध्ये शहराच्या परिसंस्थेचे दीर्घकालीन अभ्यास सुरू झाले, तेव्हा परिसंस्थाशास्त्रज्ञांबरोबर समाजशास्त्रज्ञही त्यात होते. अशा कामाला अनुदानांच्या मधल्या खंडातही मोजमाप चालू ठेवणारा माणूस लागतो. दर वर्षी नवा विषय धरणारा हुशार संशोधक तिथे चालत नाही.

समिती

सात ते नऊ सदस्य पुरेत. ज्या विभागात पद असेल त्याचे प्रमुख, इतर शाखांचे दोन-तीन प्राध्यापक, एक तरुण अध्यापक, एक पीएचडी विद्यार्थी आणि शहर प्रशासनात पाणी किंवा हवेचं काम प्रत्यक्ष सांभाळणारा एक अधिकारी. केंद्राच्या निधीत ज्याचा हितसंबंध आहे त्याला अध्यक्ष करू नका.

प्रभारी संचालक इच्छुक असेल तर त्याने समितीबाहेर राहायचं, आणि तो उमेदवार आहे हे विचारणाऱ्याला सरळ सांगायचं. ही गोष्ट लपत नाही. लपवली तर ‘निकाल आधीच ठरलाय’ असं समजून बाहेरचे चांगले लोक माघार घेतात.

शोध

जाहिरात द्याच, पण खरी यादी समितीने बनवायची. पन्नास-साठ नावं काढा आणि सदस्यांनी स्वतः फोन करावेत. ‘तुम्ही येता का?’ असं विचारण्यापेक्षा ‘या कामाला कोण योग्य वाटतं?’ असं विचारा. ज्याला रस असतो तो तपशील विचारायला लागतो, आणि ज्याला नसतो तो दोन चांगली नावं देतो.

नावं कुठे मिळतील? शहरातली निरीक्षण केंद्रांची जाळी चालवणारे, आंतरराष्ट्रीय हवामान अहवालांत शहरांवरच्या प्रकरणांचे समन्वयक लेखक आणि विशेषतः चालू केंद्रांचे उपसंचालक. उपसंचालकांना कामाचा खाचखळगा माहीत असतो आणि पुढची पायरी त्यांना हवीच असते.

गुप्तता कसोशीने पाळा. नाव फुटलं तर त्या माणसाला स्वतःच्या विद्यापीठात वर्षभर त्रास होतो. अंतिम यादीपर्यंत नावं समितीबाहेर जाता कामा नयेत, आणि उमेदवाराची परवानगी असल्याशिवाय त्याच्या संस्थेत कोणालाही फोन करायचा नाही.

पारख

एच-इंडेक्स, म्हणजे संशोधकाचे लेख आणि इतरांनी त्यांचे दिलेले संदर्भ यांवरून काढलेला आकडा, २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी मांडला. त्यावरून वेगवेगळ्या शाखांची तुलना करू नका. हवेच्या रसायनशास्त्रात एका लेखाला वीस लेखक असू शकतात. नियोजनात बरेच जण एकटे किंवा दोघे मिळून लिहितात आणि पुस्तकंही लिहितात. एका आकड्यावर रांग लावली की दुसरी शाखा आपोआप बाद होते. त्याऐवजी प्रत्येकाकडून पाच निवडक कामं मागवा आणि प्रत्येकावर अर्धं पान. त्यात डेटासंच किंवा शहराच्या नियमावलीत झालेला बदलही चालेल.

नेतृत्वाची एक खूण मात्र भरवशाची आहे. त्यांच्या हाताखालच्या तरुणांनी त्यांचं नाव नसलेले लेख लिहिले का, स्वतःच्या नावावर अनुदानं आणली का? प्रत्येक लेखावर स्वतःचं नाव असलेला माणूस उत्तम संशोधक असेल, पण केंद्र तो आपल्या प्रयोगशाळेसारखंच चालवेल.

दहा-बारा जणांशी तासभर व्हिडिओवर बोला, सगळ्यांना तेच सहा प्रश्न विचारा. मग तीन-चार जणांना दोन दिवसांसाठी बोलवा. व्याख्यानापेक्षा एका प्रत्यक्ष प्रश्नावरची तासाभराची बैठक जास्त सांगून जाते. उदाहरणार्थ: नगरपालिकेने स्वस्त सेन्सर बसवले आहेत, पावसाळ्यात पीएम २.५ चे (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे) आकडे अचानक वाढलेले दिसतात आणि महापौरांना दोन दिवसांत निवेदन हवं आहे. जाणकार उमेदवार आधी विचारतो की हे सेन्सर प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून तपासले होते का. कारण प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारे सेन्सर दमट हवेत फुगलेल्या कणांमुळे जास्त आकडा दाखवतात. त्याहून चांगला उमेदवार पुढे जाऊन सांगतो की दोन दिवसांत काय ठामपणे म्हणता येईल, काय नाही, आणि आकडे नगरपालिकेला गैरसोयीचे निघाले तर ते प्रसिद्ध करण्याचा हक्क करारात कसा राखायचा.

रेफरन्स पत्रांवर थांबू नका, सहा ते आठ जणांशी फोनवर बोला. त्यांत दोन जुने विद्यार्थी आणि एक प्रशासकीय कर्मचारी असू द्या. मतभेद झाला तेव्हा ते कसे वागले, हा प्रश्न प्रत्येकाला विचारा.

प्रस्ताव

कायम पदासाठीची शैक्षणिक छाननी शेवटच्या फेरीबरोबरच सुरू करा. ती नंतर सुरू केली तर दोन-तीन महिने जातात आणि तेवढ्यात उमेदवाराचं सध्याचं विद्यापीठ पगार वाढवून त्याला थांबवतं. निवड झाल्यावर आठवड्याभरात तोंडी आणि लगेच मागून लेखी प्रस्ताव द्या. त्यात स्टार्टअप निधी (काम उभं करायला सुरुवातीला मिळणारा पैसा), शिकवण्याचा भार, पाच वर्षांची मुदत, मुदतीच्या मध्यावरचा आढावा आणि संचालकपद सुटलं तरी प्राध्यापकपद राहील ही हमी असावी. जोडीदाराच्या नोकरीचा प्रश्न असेल तर तोही इथेच हाताळा. बऱ्याच वाटाघाटी याच मुद्द्यावर फिसकटतात.

अनुदानं आणि उपकरणं बहुधा संस्थेच्या नावावर असतात. ती हलवायला दोन्ही विद्यापीठांची आणि निधी देणाऱ्याची संमती लागते, आणि त्याला महिने लागतात. पीएचडीच्या मध्यावर असलेल्या विद्यार्थ्यांची नोंदणी कुठे राहणार हेही आधी ठरवा. होकारापासून रुजू होईपर्यंत नऊ ते बारा महिने धरा. त्या काळात प्रभारी कोण असेल आणि नवीन पदांच्या जाहिराती नव्या संचालकाला दाखवल्याशिवाय निघणार नाहीत, हे त्याच पत्रात लिहून द्या.