सुलभता चाचणीच्या क्षेत्रात येणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी

संकेतस्थळांची व ॲपची सुलभता, म्हणजे ती दिव्यांगांना वापरता येतात का हे, तपासण्याच्या कामात येऊ पाहणाऱ्यांना एनव्हीडीए कसे चालवावे हे सांगण्याची गरज नाही. स्वतः अंध असलेल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेला हा स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, विनामूल्य नसता, तर आमच्या घरच्या परिस्थितीत माझे संगणकशिक्षण झालेच नसते.

मला सर्वाधिक छळले ते जुन्या मराठी फॉन्टांनी, आणि तुम्हालाही तेच छळणार आहेत. महाविद्यालयातून आलेल्या टिपणांची फाइल डोळस मित्राला स्वच्छ दिसे आणि मला मात्र निरर्थक ध्वनी ऐकू येत. अशा वेळी नवख्याला आपलाच आवाज-संच बिघडला असे वाटते आणि तो एनव्हीडीए पुन्हा पुन्हा नव्याने बसवत राहतो. दोष तिथे नसतो. कृती देव फॉन्टात ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, बी, एच या रोमन अक्षरांनीच साठवलेला असतो. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरी आकार काढतो आणि स्क्रीनरीडर आकार न पाहता साठवलेली अक्षरे वाचतो. बाणाच्या कळीने एकेक अक्षर ऐका. रोमन अक्षरे ऐकू आली की फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, नाही, हे नक्की समजा. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा रूपांतरक वापरलात तर ऱ्हस्व इकार, रफार आणि जोडाक्षरे तपासूनच पुढे जा. त्याने काम भागले नाही, तर पानांची प्रतिमा करून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर, करावे, कारण आकार तर बरोबरच असतात.

हे इतके सविस्तर सांगतो, कारण तुमचे कौशल्य नेमके इथेच आहे. स्वयंचलित साधने अशा पानाला बिनदिक्कत उत्तीर्ण करतात. पान कोणत्या भाषेत आहे हे स्क्रीनरीडरला सांगणारी, पानाच्या कोडमधली भाषेची खूण मराठी पानावर इंग्रजीची असली तरी, खूण आहे एवढ्यावरच त्यांचे समाधान होते, आणि ऐकणाऱ्याला मराठी मजकूर इंग्रजी आवाजात ऐकावा लागतो. केवळ साधनाचा अहवाल जोडून देणाऱ्यांनी या क्षेत्राचे फार नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्गदर्शकही प्रमाणपत्रांच्या यादीवरून निवडू नका. जो रोज स्क्रीनरीडरवर आपली बँकेची कामे करतो, त्याच्याजवळ बसून शिका. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेली डब्ल्यूसीएजी २.२ ही संकेतस्थळांच्या सुलभतेची आंतरराष्ट्रीय मानके मात्र मुळातूनच वाचा. ती पहिल्या वाचनात कळत नाहीत, कुणालाच कळत नाहीत. खऱ्या पानांवर तपासत गेलात की उलगडत जातात.

नोकरीच्या बाबतीत भिडस्तपणा अजिबात नको. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सुलभतेची तरतूद आहे, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंतची पोहोच राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानली आहे. म्हणून निवड-परीक्षेची संगणकप्रणाली स्क्रीनरीडरवर चालते का, हे अर्ज भरतानाच ईमेलने विचारा, सरावासाठी नमुना चाचणी मागा, आणि उत्तर आले नाही तर परीक्षेच्या दिवसाची वाट न पाहता पुन्हा लिहा.