जबडा दुखत असेल तर मानही तपासावी: घरी काय पाहावे आणि काय करावे

कानाच्या भोकापुढे जो लहानसा उंचवटा असतो, त्याच्या किंचित पुढे बोट ठेवून सावकाश तोंड उघडले की बोटाखाली काहीतरी आधी फिरते आणि मग पुढे सरकते. हाच जबड्याचा सांधा. तो कानाला इतका लागून असतो, की दुखू लागला म्हणजे माणूस पहिल्यांदा कानाच्या डॉक्टरांकडे जातो. कान स्वच्छ निघाला की दंतवैद्याकडे जातो. कधी कधी तर चांगली दाढ काढून घेतो आणि दुखणे जिथल्या तिथेच राहते. या सगळ्या फेऱ्यांत मानेकडे मात्र कोणी पाहत नाही. जबडा ज्यांचा बराच काळ दुखतो, त्यांच्यापैकी अनेकांची मानही आखडलेली असते, आणि एकाच दुखण्यावर उपचार करून दुसरे तसेच सोडले तर आराम अपुरा पडतो.

याचे पहिले कारण मज्जातंतूंच्या रचनेत आहे. चेहरा, दात आणि जबडा यांच्या संवेदना ट्रायजेमिनल या पाचव्या मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जातात. त्याचे वेदना वाहणारे धागे थेट मेंदूच्या वरच्या भागात न जाता आधी खाली, मानेच्या वरच्या टोकापर्यंत उतरतात आणि तिथे मानेच्या पहिल्या तीन मज्जातंतूंच्या धाग्यांना एकाच जागी येऊन मिळतात. त्यामुळे संदेश मानेकडून आला की जबड्याकडून, हे मेंदूला दर वेळी नेमके ओळखता येत नाही. मानेच्या वरच्या सांध्यातली कळ कानशिलात, डोळ्यामागे किंवा गालात जाणवू शकते. दुसरे कारण स्नायूंचे आहे. तोंड उघडणारे स्नायू खालच्या जबड्यापासून गळ्यातल्या कंठास्थीपर्यंत येतात आणि तिथून निघालेले स्नायू छातीच्या हाडाला, एक तर चक्क खांद्याच्या फऱ्याला, जोडलेला असतो. डोके पुढे काढून बसले की ही सगळी ओढ जबड्यावर येते आणि तो मिटलेला ठेवण्यासाठी चावण्याच्या स्नायूंना विनाकारण राबावे लागते.

असे असले तरी मान पुढे काढून बसल्यामुळेच जबडा बिघडतो, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. पुढे झुकलेली मान असूनही ज्यांचा जबडा कधीच दुखत नाही, अशी माणसे पुष्कळ आहेत. रात्री दात खाणे, दिवसभर दात आवळून धरणे, अपुरी झोप, मनावरचा ताण आणि हनुवटीला बसलेला मार हीही कारणे असतात.

घरी तपासणी करायची असेल तर आरशासमोर ताठ बसावे. तोंड सावकाश उघडताना हनुवटी सरळ खाली येते की एका बाजूला वळते, हे पाहावे. स्वतःची तीन बोटे उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांत बसतात का, ते पाहावे; सर्वसाधारणपणे प्रौढ माणसाचे तोंड ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उघडते. नुसता कट् असा आवाज येत असेल आणि दुखत नसेल, तोंडही अडकत नसेल, तर त्यासाठी बहुधा कोणत्याच उपचाराची गरज नसते. यानंतर जबडा सैल सोडून दात अगदी हलके एकमेकांवर टेकवावेत आणि कोणते दात आधी लागतात ते लक्षात ठेवावे. मग डोके मागे कलवून तसेच करावे, नंतर हनुवटी छातीकडे झुकवून करावे. दात टेकण्याची जागा बदललेली स्पष्ट कळते, आणि मानेची ठेवण जबड्याची जागा कशी बदलते हे यातून चटकन पटते. शेवटी मान दोन्ही बाजूंना वळवून पाहावी. एका बाजूला ती कमी वळत असेल, किंवा कवटीच्या तळाशी बोटांनी दाबल्यावर नेहमीचीच गालातली वा कानशिलातली कळ उठत असेल, तर मानेचा वाटा आहे असे समजावे.

इथे एक गोष्ट कोकणात आवर्जून सांगावी लागते. श्रीवर्धनी रोठा सुपारी घरोघरी परिचयाची आहे आणि गुटखाही कमी खाल्ला जात नाही. सुपारी चघळणाऱ्याचे तोंड दिवसेंदिवस कमी उघडत असेल, तिखट झोंबत असेल आणि गालाची आतली बाजू पांढरट, ताठ लागत असेल, तर तो सांध्याचा दोष नसून तोंडातील त्वचेखाली तंतू साचण्याचा आजार असू शकतो. त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. अशा वेळी व्यायाम करीत न बसता सुपारी सोडावी आणि दंतवैद्याला तोंड दाखवावे.

उपचाराची सुरुवात जबड्याच्या विश्रांतीपासून करावी. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे आणि जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलके टेकलेले, ही जबड्याची नैसर्गिक ठेवण आहे. जेवताना आणि गिळताना सोडून दात एकमेकांना लागायला नकोत, ही गोष्ट अनेकांना ठाऊकच नसते. दुखणे जोरात असताना काही दिवस कापा फणसाचे गरे, सुके खोबरे, भाजलेले काजू आणि चिवट फणसपोळी बाजूला ठेवावी. उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, घावणे, आंबोळी यांवर कोकणी माणसाचे सहज भागते. जांभई येताना जीभ टाळूला लावून हनुवटीखाली मूठ धरावी. गालावर आणि मानेवर ओल्या फडक्याचा शेक १५ ते २० मिनिटे द्यावा.

व्यायाम दोनच, पण नियमाने करावेत. जीभ टाळूला टेकवून, ती न सुटेल इतकेच तोंड हळूहळू उघडावे व मिटावे. असे सहा वेळा, दिवसातून पाच-सहा खेपा. दुसरा मानेचा: नजर समोर ठेवून हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे घ्यावी, पाच सेकंद धरावी, सोडावी. यातल्या कशानेही कळ वाढता कामा नये. कळ सोसून केलेला व्यायाम इथे उपयोगाचा नाही.

कामाची पद्धत न बदलता केलेले व्यायाम मात्र फारसे टिकत नाहीत. काजूच्या कारखान्यात गराची साल सोलणारी बाई तासन्‌तास मान खाली घालून बसते, आणि बारीक काम करताना दातही नकळत आवळले जातात. परात मांडीवर घेण्याऐवजी उंच चौरंगावर ठेवली तरी मानेचा बाक बराच कमी होतो. आंब्याची प्रतवारी करणाऱ्यांनी जमिनीवर वाकण्याऐवजी पेटी टेबलावर घ्यावी, आणि दर अर्ध्या तासाने मान वर करून दात सुटे आहेत का ते पाहावे. मोबाइल पाहताना तो डोळ्यांच्या उंचीजवळ धरावा. रात्री पालथे झोपू नये, कारण त्यात मान तासन्‌तास एका बाजूला वळलेली राहते.

चार ते सहा आठवड्यांत फरक पडला नाही, तर दंतवैद्य आणि मानेचे काम जाणणारा फिजिओथेरपिस्ट या दोघांनाही दाखवावे. रात्री दात खाण्याची सवय असल्यास दंतवैद्य दातांवर बसणारी पट्टी देतात. दात झिजवून चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, कायमचा बदलण्याचा सल्ला कोणी पहिल्याच भेटीत दिला, तर आणखी एका दंतवैद्याचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

पुढील लक्षणांत मात्र वाट पाहू नये. तोंड उघडे वा मिटलेले अडकले, चेहऱ्यावर सूज येऊन ताप आला, चेहरा किंवा हात बधिर पडला, पडल्यानंतर दुखू लागले, किंवा जखमेनंतर दातखिळी बसू लागली, तर लगेच रुग्णालय गाठावे. शेवटचे लक्षण धनुर्वाताचे असू शकते. वयाची पन्नाशी उलटल्यावर नव्याने डोके दुखू लागले, चावताना जबडा भरून येऊ लागला आणि नजर अंधुक झाली, तर रक्तवाहिनीच्या दाहाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. चढण चढताना जबड्यात कळ येते आणि थांबल्यावर जाते, छाती भरून येते किंवा घाम फुटतो, असे होत असेल तर आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.